मेंदूतले पाणी आणि मिलिमीटरभर नळी

माणसाचा मेंदू कवटीत कोरडा बसलेला नसतो. त्याच्या आत चार पोकळ्या असतात: दोन मोठ्या, उजव्या आणि डाव्या अर्धगोलांत; तिसरी अरुंद, बरोबर मधोमध; चौथी मागच्या बाजूला, लहान मेंदूच्या पुढ्यात. या पोकळ्यांमध्ये कोरॉइड प्लेक्सस नावाचे रक्तवाहिन्यांचे झुपके असतात आणि ते रक्तापासून एक नितळ द्रव अखंड तयार करत राहतात. ग्रंथांत त्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात, रुग्णालयात सगळे त्याला ‘सीएसएफ’ म्हणतात. मोठ्या माणसात हा द्रव दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. मात्र कोणत्याही एका वेळी डोके आणि कणा मिळून त्याचा साठा जेमतेम १५० मिलिलिटर असतो. याचा अर्थ, दिवसभरात तो सगळाच्या सगळा तीनदा तरी बदलला जातो. नवजात बाळात साठा याहून कितीतरी कमी, तरी त्याचे तयार होणे आणि शोषले जाणे हे चक्र तेच.

दोन मोठ्या पोकळ्यांतून द्रव तिसरीत उतरतो. तिथून चौथीत जायला एकच बोगदा आहे, सिल्व्हियसची नलिका. तिची रुंदी मिलिमीटरच्या आसपास. चौथ्या पोकळीतून तो लहान छिद्रांवाटे बाहेर पडतो, मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती फिरतो आणि शेवटी मुख्यतः डोक्याच्या माथ्याकडे असलेल्या मोठ्या शिरांमधून रक्तात परत जातो. या वाटेवर कुठेही अडथळा आला तरी द्रव तयार होण्याचे थांबत नाही. अडथळ्याच्या अलीकडच्या पोकळ्या फुगत जातात, मेंदूचा पापुद्रा आतून बाहेर दाबला जाऊन पातळ होत जातो. हाच जलशीर्ष हा विकार. मुलांच्या मेंदूवर होणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये जगभर याच विकाराचा वाटा फार मोठा आहे. त्याच्यावरच्या उपायांचा इतिहास म्हणजे बव्हंशी एका बारीक नळीचा इतिहास आहे. नळी कशी घालायची, हे लवकर कळले. ती वाढत्या मुलात वर्षानुवर्षे वाहती कशी ठेवायची, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही.

तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे एकमेकांना जुळलेली नसतात, म्हणून दाब वाढला की डोकेच वाढते. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालताना टाळूवर तेल घालायची रीत आहे. त्यामुळे टाळू नेहमीसारखी मऊ आणि किंचित खोलगट लागते की ताणून वर आली आहे, हे पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी आजीच्या किंवा न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या बोटांना कळते. पुढे डोक्यावरच्या शिरा ठळक दिसू लागतात आणि बाळाचे डोळे खाली वळलेले राहतात. बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसतो आणि बुबुळ खालच्या पापणीआड मावळल्यासारखे वाटते. या लक्षणाला वैद्यकात मावळत्या सूर्याचेच नाव आहे. जन्मावेळी डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे २ सेंटिमीटर, पुढचे तीन महिने सुमारे १ सेंटिमीटर आणि त्यानंतर वर्षाअखेरपर्यंत महिन्याला अर्धा सेंटिमीटर वाढतो. एका दिवसाच्या मापावरून फारसे कळत नाही, कारण मोठे डोके घराण्यातही असू शकते. तक्त्यावरची रेघ आपली वाट सोडून वर चढू लागली की मात्र थांबू नये. शिवणटेपासारखी एक साधी पट्टी आणि मापांची नोंद ठेवणारा माणूस, एवढ्यावर हे निदान उभे आहे. या विकारातले हे सर्वांत स्वस्त उपकरण, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाणारेही तेच.

मोठ्या मुलाची कवटी वाढू शकत नाही. त्याचे सकाळी उठताच डोके दुखते, उलटी होते आणि उलटीनंतर थोडे बरे वाटते. चाल बिघडते, शाळेतला अभ्यास मागे पडतो, दृष्टी मंदावते. अशा मुलाला पित्त झाले म्हणून महिनोन्महिने औषधे दिली जातात, हेही सर्रास घडते.

वाट अडण्याची कारणे अनेक. कधी सिल्व्हियसची नलिका जन्मतःच अरुंद असते. मुदतीच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या बाळांत पोकळ्यांलगतच्या नाजूक वाहिन्या फुटून रक्त साचते आणि ते गोठून वाट बुजते. कणा दुभंगलेल्या बाळांत जलशीर्ष फार मोठ्या प्रमाणात आढळते. त्याविषयी पुढे येईलच. मोठ्या मुलांत लहान मेंदूजवळ वाढणारी गाठ चौथ्या पोकळीचे तोंड बंद करते. भारतात या यादीत क्षयाचे स्थान वरचे आहे. क्षयाच्या मेंदुज्वरात मेंदूच्या तळाशी दाट, चिकट स्राव साठतो आणि द्रवाच्या वाटा बुजवतो. असे मूल वाचेल का, कितपत सावरेल, याचा अंदाज बांधण्यासाठी वेल्लोरच्या डॉक्टरांनी तयार केलेली श्रेणी आजही वापरली जाते. त्यात वेगळे यंत्र लागत नाही. मूल कितपत शुद्धीत आहे आणि त्याचे हातपाय कितपत चालतात, एवढेच पाहून ती ठरते. जन्मताच दिली जाणारी बीसीजीची लस मुलांना याच क्षयाच्या मेंदुज्वरापासून बऱ्यापैकी वाचवते, आणि त्या अर्थाने तीही जलशीर्षाची लस आहे.

हे पाणी नेमके कुठे साचते, हे सोळाव्या शतकात आंद्रेआस व्हेसालियस या शरीरशास्त्रज्ञाने ऑग्सबर्गमधल्या दोन वर्षांच्या एका मुलीच्या शवविच्छेदनातून दाखवले. कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये नव्हे, मेंदूच्या पोकळ्यांमध्ये. त्यानंतर साडेतीनशे वर्षे डॉक्टरांनी डोक्याला घट्ट पट्ट्या बांधल्या, सुई घालून पाणी काढले, जुलाब दिले. मुले मरतच राहिली. द्रव कुठून येतो आणि कुठे जातो हेच माहीत नसताना याहून वेगळे काही होणे शक्य नव्हते.

ते कळले बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. वॉल्टर डँडी आणि केनेथ ब्लॅकफॅन यांनी १९१३ आणि १९१४ मध्ये कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सिल्व्हियसच्या नलिकेत कापसाचा बोळा बसवला की तिच्या अलीकडच्या पोकळ्या फुगतात, हे त्यांनी दाखवून दिले. पोकळीत रंग टोचला आणि तो कण्यातल्या द्रवात उतरला, तर वाट मोकळी आहे आणि दोष शोषणात आहे. उतरला नाही, तर वाटच बंद आहे. जलशीर्षाचे हे दोन प्रकार आजही उपचार ठरवताना आधी पाहिले जातात. डँडीने १९१८ मध्ये पोकळ्यांत हवा भरून त्यांचे क्ष-किरण चित्र काढायची पद्धत आणली. सीटी स्कॅन येईपर्यंतची पुढची पन्नासेक वर्षे डॉक्टरांना जिवंत मेंदूचा आकार मुख्यतः असाच, सावलीतून दिसत असे.

उपचारात मात्र डँडीला यश आले नाही. द्रव तयार करणारा झुपकाच कापून टाकावा, असे त्याने ठरवले. १९१८ मध्ये त्याने चार बालकांवरच्या अशा शस्त्रक्रियांचा वृत्तान्त दिला, त्यांतली तीन दगावली. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, शिकागोतल्या व्हिक्टर लेस्पिनास याने दोन बालकांच्या पोकळ्यांत दुर्बीण घालून हा झुपका जाळून पाहिला होता. तो मूत्रविकारांचा शल्यचिकित्सक होता आणि ती दुर्बीण मूत्राशय पाहायची होती. १९२३ मध्ये बोस्टनच्या विल्यम मिक्स्टरने नऊ महिन्यांच्या एका मुलीच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला आडवाट करून दिली. त्याच्या हातातले साधनही मूत्रमार्गाची दुर्बीणच होते. मुलगी सुधारली. तरीही ही कल्पना अर्धशतकाहून अधिक काळ अडगळीत पडली. त्या काळच्या भिंगांतून अंधुक दिसे, दिवा टोकाशी असे आणि थोडा रक्तस्राव झाला की काहीच दिसेनासे होई.

मग नळीचे दिवस आले. मेंदूतले पाणी शरीरात दुसरीकडे कुठेतरी वाहून न्यायचे, आणि त्यासाठी शल्यचिकित्सकांनी जवळपास प्रत्येक पोकळी वापरून पाहिली: फुप्फुसाभोवतीची जागा, पोट, शिरा, पित्ताशय. बोस्टनच्या डोनाल्ड मॅटसनने तर कण्यातून निघालेली नळी मूत्रवाहिनीत सोडली. त्यासाठी मुलाचे एक निरोगी मूत्रपिंड काढून टाकावे लागे. शिवाय द्रवाबरोबर मीठही लघवीवाटे निघून जाई, म्हणून ते मूल एखाद्या जुलाबाच्या आजारातही धोक्यात येई. तरी ही शस्त्रक्रिया केली जात होती, यावरून त्या काळची हतबलता समजते.

नुसती नळी शिरेत सोडली तर रक्त उलटे चढून तिच्यात गोठते. द्रव एकाच दिशेला, आणि ठरावीक दाब आल्यावरच वाहावा, यासाठी झडप हवी. फिलाडेल्फियात फ्रँक नल्सन आणि युजीन स्पिट्झ यांनी १९४९ मध्ये चेंडू आणि स्प्रिंग असलेली झडप वापरून मेंदूतून मानेच्या शिरेत नळी टाकली. कल्पना बरोबर होती, पण धातू आणि रबर यांची ती रचना टिकत नव्हती.

टिकाऊ झडप बनवणारा माणूस डॉक्टर नव्हता. जॉन होल्टर हा येल अँड टाऊन या कुलपांच्या कंपनीत तंत्रज्ञ होता. त्याचा मुलगा केसी नोव्हेंबर १९५५ मध्ये दुभंगलेला कणा घेऊन जन्मला आणि त्याला जलशीर्षही झाले. स्पिट्झच्या देखरेखीखाली असलेल्या या बाळाच्या डोक्यातून वारंवार सुईने द्रव काढावा लागे. रबराच्या नळीला सुईने टोचले तरी सुई काढल्यावर ती गळत नाही, हे होल्टरच्या नजरेस आले. रबराला चीर दिली तर आतून दाब आल्यावर ती उघडेल आणि दाब ओसरताच मिटेल, असे त्याने मांडले. रबर शरीरात टिकत नाही म्हणून त्याने नवे सिलिकोन निवडले. १९५६ मध्ये ही झडप वापरात आली. केसी पाच वर्षांचा होऊन गेला. वडिलांची झडप मात्र जगभर पसरली, आणि सिलिकोन हा आजतागायत या नळ्यांचा मुख्य पदार्थ आहे.

दुसऱ्या झडपेमागेही एक बाप आहे. लेखक रोआल्ड डाल यांचा चार महिन्यांचा मुलगा थिओ डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये बाबागाडीत असताना टॅक्सीखाली सापडला. डोक्याला मार लागून त्याला जलशीर्ष झाले आणि बसवलेली नळी पुन्हा पुन्हा तुंबू लागली. इंग्लंडला परतल्यावर डाल यांनी आपले ओळखीचे स्टॅन्ली वेड यांना गाठले. खेळण्यातल्या विमानांच्या इंजिनांसाठी बारीक पंप बनवण्यात त्यांचा हात बसलेला होता. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले केनेथ टिल तिसरे. १९६२ मध्ये या तिघांची झडप तयार झाली तेव्हा थिओला तिची गरज उरली नव्हती. नफा न घेता विकलेली ती झडप पुढे सुमारे तीन हजार मुलांना बसवली गेली.

आज ‘शंट’ या एका शब्दात ओळखल्या जाणाऱ्या साधनाचे तीन भाग असतात: पोकळीत राहणारी वरची नळी, कातडीखाली कानामागे किंवा डोक्यावर बसणारी झडप आणि पोटात उतरणारी खालची नळी. शिरेऐवजी पोट निवडण्याची पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली. शिरेतली नळी मूल वाढले की आखूड पडते आणि जंतुसंसर्ग झाला तर थेट रक्तात पोचतो, प्रसंगी मूत्रपिंडालाही इजा होते. पोटात मात्र वीत-दोन वीत जास्तीची नळी वेटोळे करून सोडता येते आणि मूल उंच होत गेले की ती सरकत वर येते. शस्त्रक्रिया तासाभराची. कवटीला लहान छिद्र पाडले जाते. लांब, बोथट टोकाची धातूची सळई कातडीखालून डोक्यापासून मान, छाती ओलांडून पोटापर्यंत सरकवतात आणि तिच्या पोकळीतून नळी ओढून घेतात. तान्ह्या बाळाच्या मानेची कातडी पातळ, खाली मोठ्या शिरा आणि फुप्फुसाचे टोक, म्हणून ही सळई ढकलणारा हात सावध असावा लागतो.

मुदतीआधी जन्मलेल्या दीड-दोन किलोच्या बाळाला शंट पेलत नाही. त्याच्या टाळूजवळ कातडीखाली घुमटासारखी लहान टाकी बसवून तिला पोकळीतली नळी जोडतात आणि गरजेप्रमाणे बारीक सुईने द्रव काढतात. मूळच्या पाकिस्तानातल्या अयूब ओमाया या शल्यचिकित्सकाने १९६३ मध्ये सुचवलेली ही टाकी त्याच्याच नावाने ओळखली जाते. बाळाचे वजन वाढेपर्यंत तिच्यावर वेळ निभावतो.

शंटमुळे मुले वाचू लागली, हे निर्विवाद. पण शरीरात बसवल्या जाणाऱ्या साधनांत याच्याइतके वारंवार बिघडणारे साधन क्वचितच सापडेल. मुलांमध्ये पहिल्याच वर्षात दहांतल्या चार शंटांना दुरुस्ती लागते. वरच्या नळीच्या छिद्रांत कोरॉइड प्लेक्ससचे तंतू शिरतात, खालची नळी तुटते किंवा पोटातल्या पडद्यात अडकते, झडपेत रक्ताचे कण बसतात. दुसरा दोष गुरुत्वाकर्षणाचा. मूल उभे राहिले की डोके वर, पोट खाली आणि मध्ये भरलेली नळी. पिंपातून नळीने रॉकेल उपसताना ते एकदा सुरू झाले की आपोआप ओढले जाते, तसा द्रवही गरजेपेक्षा जास्त ओढला जातो. पोकळ्या चिरेइतक्या अरुंद होतात, कधी मेंदू आक्रसून त्याच्या बाहेर रक्त साचते. यावर उपाय म्हणून ओढ रोखणाऱ्या झडपा आल्या आणि नंतर बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणाऱ्या झडपा. शेवटच्या प्रकारात शस्त्रक्रिया न करता दाब कमी-जास्त करता येतो, हा मोठा फायदा. पण एमआरआय झाल्यावर त्यातल्या अनेक झडपांचा दाब तपासून घ्यावा लागतो आणि जोरदार चुंबक असलेली खेळणी डोक्यापासून लांब ठेवावी लागतात.

इतकी कल्पकता खर्चून निकाल काय लागला? १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३४४ मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन प्रकारच्या झडपा बसवल्या होत्या: जुन्या घडणीची आणि दोन नव्या. शंट बिघडण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. झडपेच्या रचनेवर झालेल्या पुढच्या कामाने हे चित्र फारसे पालटलेले नाही. उलट खरा फायदा एका कमी दिमाखदार बदलातून झाला. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १,६०५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या नळ्या घातलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के रुग्णांत जंतुसंसर्गामुळे शंट बदलावा लागला. सिलिकोनमध्ये प्रतिजैविक मुरवलेल्या नळ्यांत हे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आले. चांदीचा अंश असलेल्या नळ्या साध्या नळ्यांइतक्याच निघाल्या. शंटमधला जंतू बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरचा असतो आणि शस्त्रक्रियेच्या वेळीच आत शिरतो. म्हणून शल्यचिकित्सक नळीला शक्यतो हात लावत नाहीत, हातमोजे बदलतात आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत ये-जा कमी ठेवतात.

महाग झडप बरी की स्वस्त, हा प्रश्न भारताशी थेट जोडलेला आहे. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला बनणारा छाब्रा शंट परदेशी शंटांच्या तुलनेत अगदी कमी किमतीचा. युगांडातल्या म्बाले शहरात मुलांच्या रुग्णालयात तेव्हा काम करणारे अमेरिकी शल्यचिकित्सक बेंजामिन वॉर्फ यांनी १९५ मुलांमध्ये त्याची तुलना एका प्रसिद्ध अमेरिकी कंपनीच्या झडपेशी केली आणि निष्कर्ष २००५ मध्ये मांडले. छाब्रा शंटची किंमत तेव्हा ३५ डॉलर होती, दुसऱ्याची ६५०. वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. भारतातल्या सरकारी रुग्णालयात ज्या पालकांना शंटचे पैसे जमवण्यासाठी धावपळ करावी लागते, त्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष कुठल्याही नव्या झडपेच्या शोधापेक्षा मोलाचा आहे.

पण वॉर्फ यांची अडचण किमतीने सुटत नव्हती. युगांडात त्यांनी पाहिलेल्या जलशीर्षाच्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांना तो विकार जन्मानंतरच्या जंतुसंसर्गामुळे झाला होता. शंट बसवून मूल दूरच्या खेड्यात परत गेले आणि तो तुंबला, तर परत येईपर्यंत ते मूल हाती लागेल याची खात्री नव्हती. हीच स्थिती गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या दुर्गम पाड्यावरच्या मुलाची असू शकते. म्हणून वॉर्फ यांनी नळी टाळण्याचा मार्ग धरला आणि मिक्स्टर, लेस्पिनास यांच्या जुन्या कल्पना एकत्र केल्या.

तोवर दुर्बीण बदलली होती. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या दांड्यांची भिंगे वापरून तिच्यातून येणारा उजेड कितीतरी पट वाढवला आणि दिवा शरीराबाहेर ठेवून प्रकाश तंतूंमधून आत नेता येऊ लागला. आजची शस्त्रक्रिया अशी होते: टाळूच्या बाजूच्या लहान छिद्रातून पेन्सिलीपेक्षा बारीक दुर्बीण मोठ्या पोकळीत जाते, तिथल्या नैसर्गिक छिद्रातून तिसऱ्या पोकळीत उतरते. कोमट क्षारद्रवाची बारीक धार चालू असते, त्यामुळे दृश्य स्वच्छ राहते. पोकळीचा तळ पातळ, निळसर पडद्यासारखा दिसतो. त्याच्या मागच्या बाजूला दोन लहान गोलाकार उंचवटे आणि पुढे पिटुइटरीकडे जाणारा लालसर खळगा, यांच्या मधोमध बोथट टोकाने छिद्र पाडतात. धमन्यांमधली गुठळी काढण्यासाठी १९६० च्या दशकात निघालेला फोगार्टीचा लहान फुगा त्या छिद्रात फुगवून ते चार-पाच मिलिमीटरपर्यंत रुंद करतात. पडद्याखाली लगेच मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी असते. तिला धक्का लागला तर मूल टेबलावरच दगावू शकते, म्हणून इथे धारदार काही वापरत नाहीत. छिद्र पडले की तळाचा पडदा नाडीबरोबर फडफडताना दिसतो.

सिल्व्हियसची नलिका बंद असलेल्या मोठ्या मुलात ही शस्त्रक्रिया उत्तम ठरते. वर्षाखालच्या बाळांत एकटे छिद्र पुष्कळदा बुजते. वॉर्फ यांनी लवचीक दुर्बिणीने छिद्राबरोबर दोन्ही पोकळ्यांतला कोरॉइड प्लेक्ससही जाळायला सुरुवात केली आणि लहान बाळांतले यश वाढले. सहा महिन्यांच्या आतल्या १०० युगांडी बाळांमध्ये या पद्धतीची शंटशी तुलना करणारी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर बौद्धिक वाढीच्या गुणांत दोन्ही गट सारखेच होते. शंटविना तितकेच साधत असेल, तर पुढच्या बिघाडांची टांगती तलवार कमी होते, हा त्याचा अर्थ. नळी हाताशी असताना ती न वापरणे, हीच बालमेंदू-शल्यशास्त्राची गेल्या पंचवीस वर्षांतली खरी प्रगती म्हणता येईल.

काही मुलांत वाट अडवणारी गाठच काढावी लागते. तिथे हत्यारांचा दुसरा संच लागतो: सूक्ष्मदर्शक, विजेने रक्तवाहिनी बंद करणारा दुपाती चिमटा आणि गाठीचा मऊ भाग कंपनांनी फोडून लगेच शोषून घेणारे श्रवणातीत यंत्र. मुलांमध्ये या सगळ्याला एक हिशेब लावावा लागतो. सात किलोच्या बाळाच्या शरीरात साडेपाचशे मिलिलिटरच्या आसपास रक्त असते, त्यामुळे मोठ्या माणसात किरकोळ मानला जाणारा रक्तस्राव त्याला झेपत नाही. कवटी पातळ असल्यामुळे डोके स्थिर धरणारी टोकदार पकड फार लहान मुलांना लावत नाहीत. घोड्याच्या नालेसारख्या मऊ गादीवर ते ठेवतात.

आता कण्याकडे. गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांत गर्भाच्या पाठीवरची एक पट्टी वळून तिची नळी होते. तीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनते. ही नळी साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटते. खालच्या बाजूला ती उघडी राहिली तर बाळ पाठीवर पातळ आवरणाची पिशवी घेऊन जन्मते आणि त्यात मज्जारज्जू आणि नसा उघड्या असतात. त्या पातळीखालचे पाय, मूत्राशय आणि गुदद्वार यांचे नियंत्रण कमी-अधिक जाते. बहुतेकांचा लहान मेंदू मानेच्या दिशेने खाली ओढला गेलेला असतो, द्रवाच्या वाटा अडतात आणि जलशीर्ष होते. पिशवी फुटून जंतू शिरू नयेत म्हणून जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली मज्जारज्जू सोडवून, त्याची पुन्हा नळी करून, वर आवरण आणि कातडी शिवतात. गेलेली ताकद त्यामुळे परत येत नाही. वारंवार शस्त्रक्रिया आणि नळ्यांशी संबंध आल्यामुळे या मुलांना रबराची तीव्र ॲलर्जी होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून त्यांच्या शस्त्रक्रियेत पहिल्या दिवसापासून रबरी मोजे टाळतात.

होल्टरच्या झडपेने या मुलांचे जलशीर्ष आटोक्यात येऊ लागले आणि एक नवाच पेच उभा राहिला. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जन्मलेल्या अशा प्रत्येक बाळाची पाठ लगेच शिवायची, असे धोरण ठरले. तिथले बालरोगतज्ज्ञ जॉन लॉर्बर यांनी १९७१ मध्ये ५२४ मुलांचा आढावा घेतला. बरीच मुले तरीही दगावली होती आणि वाचलेल्यांतल्या अनेकांच्या वाट्याला गंभीर अपंगत्व आले होते. जन्मतःच पाय पूर्ण लुळे आहेत, डोके फार मोठे आहे, पाठीला कुबड आहे, अशा बाळांवर शस्त्रक्रिया करू नये, असे लॉर्बर यांनी सुचवले आणि ते अनेक देशांत मानले गेले. त्यांच्याच रुग्णालयातले शल्यचिकित्सक रॉबर्ट झॅकरी यांनी त्याला ठाम विरोध केला. या वादात लॉर्बर यांचा प्रामाणिकपणा नाकारता येत नाही. पण पहिल्या दिवशीच्या तपासणीवरून मुलाचे पुढचे आयुष्य मोजण्यात त्यांची चूक होती, हेही पुढच्या काळाने दाखवले. त्यात सर्वांत मोठा वाटा एका अगदी साध्या साधनाचा आहे. मिशिगनमधल्या जॅक लॅपिडीझ यांनी १९७२ मध्ये दाखवले की स्वच्छ धुतलेल्या हाताने दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून मूत्राशय रिकामे केले, तर मूत्रपिंडे वाचतात. त्यासाठी निर्जंतुक मोजे, परिचारिका, रुग्णालय काहीच लागत नाही. सात-आठ वर्षांचे मूल ते स्वतः शिकते. पूर्वी या मुलांचे मरण बहुधा मूत्रपिंडे निकामी होऊन ओढवत असे.

पाठ जन्माआधीच शिवली तर? गर्भजलात उघड्या पडलेल्या नसांना महिनोन्महिने इजा होत राहते, या कल्पनेवर अमेरिकेतल्या तीन केंद्रांनी एक चाचणी केली आणि ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. २६ आठवडे पुरे होण्याआधी आईचे गर्भाशय उघडून गर्भाच्या पाठीवर शस्त्रक्रिया केली जाई. वर्षभराच्या आत शंटची गरज जन्मानंतर शिवलेल्यांपैकी ८२ टक्के मुलांना पडली होती, आधी शिवलेल्यांपैकी ४० टक्क्यांना. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालणाऱ्यांचे प्रमाण २१ वरून ४२ टक्क्यांवर गेले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवावी लागली. किंमत मात्र आई मोजते: प्रसूती सरासरी ३४ व्या आठवड्यातच होते, गर्भाशयाचा व्रण पातळ राहतो आणि पुढची प्रत्येक प्रसूती शस्त्रक्रियेनेच करावी लागते. म्हणून आता बारीक छिद्रांतून, गर्भाशयात कार्बन डायऑक्साइड भरून, दुर्बिणीने हीच शिवण घालण्याचे प्रयत्न काही केंद्रांत चालू आहेत.

या विकारातली सर्वांत परिणामकारक गोष्ट मात्र शस्त्रक्रियागृहाबाहेरची आहे. आधीचे मूल असे जन्मलेल्या १,८१७ स्त्रियांवर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्याने हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झाले. पूर्वी असे मूल न झालेल्या स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. अडचण वेळेची आहे. नळी २८ व्या दिवसापर्यंत मिटते आणि तोवर पाळी चुकल्याचे पुष्कळदा नुकतेच लक्षात आलेले असते. त्यानंतर सुरू केलेली गोळी रक्ताल्पतेसाठी उपयोगी, या दोषासाठी उशिराची. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे केले. भारतात गव्हाच्या पिठाच्या पोषणवृद्धीचे निकष ठरलेले आहेत, पण ती कारखान्यात दळलेल्या, पिशवीबंद पिठातच होऊ शकते. ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्या आणि गव्हाचेही दळण गल्लीतल्या गिरणीतून आणणाऱ्या महाराष्ट्रातल्या घरांत ते पीठ पोचत नाही. तिथे लग्नानंतर, मूल हवे असे ठरताच गोळी सुरू करणे हाच मार्ग उरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या जन्मजात दोषांच्या यादीत कण्याचा हा दोष आहे. त्यामुळे अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला दिसलेले असे मूल पुढे पाठवले जाते; पण त्या मुलाच्या आईच्या पुढच्या बाळंतपणासाठी ४ मिलिग्रॅमची गोळी आधीच लिहून देणे, हे काम त्या वेळी जो डॉक्टर समोर असेल त्याचे आहे.